तबकडीवर न मावलेला अर्धा तास

जागतिक वेळ दाखवणाऱ्या जुन्या मनगटी घड्याळांची रचना जिनिव्हाजवळच्या कारूज गावचे घड्याळजी लुई कोतिए यांनी १९३१च्या सुमारास सिद्ध केली. मधले काटे स्थानिक वेळ दाखवतात. त्यांच्याभोवती चोवीस तासांची चकती दिवसातून एकदा उलट्या दिशेने फिरते आणि तिच्यावरच्या फिक्या-गडद रंगांवरून दिवस-रात्र कळते. सर्वांत बाहेर शहरांच्या नावांचे कडे असते. आपले शहर बाराच्या खुणेसमोर आणून चकती जुळवली, की प्रत्येक नावासमोर तिथला तास वाचता येतो. मिनिटे मात्र सर्वांना सारखीच.

भारताचे गणित इथेच अडते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ला लागू झाली, ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची. मुंबईने ती लगेच स्वीकारली नाही. ४ तास ५१ मिनिटांची आपली वेळ तिने १९५५पर्यंत चालू ठेवली. चोवीस घरांच्या कड्यात या दोन्ही वेळांना नेमके घर नव्हते. सूर्य तर तिसरेच सांगतो. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे धरली, तर ८२.५ अंशांवरच्या प्रमाणवेळेपेक्षा चंद्रपूरची सौरवेळ सुमारे १३ मिनिटे मागे येते, गडचिरोलीची १० आणि मुंबईची तब्बल ३९. म्हणजे एकाच राज्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीतली दुपार मुंबईच्या जवळजवळ अर्धा तास आधी होते. घड्याळातली वेळ हा माणसांनी आपसात केलेला करार आहे, हे या घड्याळांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

कोतिएच्याच रचनेच्या, पाटेक फिलिप कंपनीच्या १४१५ क्रमांकाच्या घड्याळात शहरांची नावे बाहेरच्या कड्यावर कोरलेली असत आणि ते कडे हाताने फिरवावे लागे. १९५३च्या २५२३ क्रमांकाच्या घड्याळात त्यासाठी डाव्या बाजूला दुसरी चावी आली. काही तबकड्यांवर सोन्याच्या बारीक तारांच्या कप्प्यांत रंगीत मीना भरून खंडांचे नकाशे काढले आहेत. हे काम हातचे, भट्टीत एक तबकडी बिघडली की सगळे पुन्हा करायचे. त्यामुळे नग मोजकेच. २००२ साली १४१५चा प्लॅटिनममधला एक नग जिनिव्हाच्या लिलावात ६६ लाख स्विस फ्रँकपेक्षा अधिक किमतीला गेला.

अर्ध्या आणि पाऊण तासाची अडचण वाशरों काँस्तांताँ या घड्याळ कंपनीने २०११ साली ३७ कालविभाग दाखवणाऱ्या घड्याळात सोडवली. कोतिएच्या काळच्या घड्याळात भारताची वेळ लावली, तर लंडन आणि न्यूयॉर्क आजही अर्ध्या तासाने चुकतात.