सपिस्ताँचे नऊ दाणे

ऑक्टोबर २०२५मध्ये छिंदवाड्याची बातमी आली आणि सुनेनं नातवाचं खोकल्याचं औषध मोरीत ओतलं. परासियाकडची पोरं साध्या सर्दीच्या सिरपनं गेली. त्या कोल्ड्रिफमध्ये विषारी डायथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. ओतलं ते बरंच केलं. पण संध्याकाळी त्याच जागी 'इम्युनिटी'वाली हिरवी बाटली आली, तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हणे, "नॅचरल आहे, बाबा."

बुरहानपूरकराला झाडपाल्याचं अप्रूप नाही. गावात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, सैफिया हमीदिया युनानी कॉलेज आहे, कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध खाणारेही आहेत. खोकलाही गावचाच, घरोघरच्या लूमचा.

सत्तरपर्यंतचं मला फारसं आठवत नाही, आणि नव्वदनंतर वडील नव्हते. मी सांगतोय ते मधल्या वीस वर्षांचं. वडील लूमवरून आले की नाकाचा रुमाल घमेल्यात बुडवायचे. पाणी राखाडी व्हायचं, वर रुईचे तंतू पिकल्या केसांसारखे तरंगायचे. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळायची. कापसाच्या धुळीच्या या दुखण्याला बायसिनोसिस म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

रुमाल बांधायला लावला तो मोहल्ल्यातल्या हकीमसाहेबांनी. "मियाँ, पहले नाक पे रुमाल. जोशांदा उसके बाद." पुडीत उन्नाबचे पाच दाणे, सपिस्ताँचे नऊ, मुलेठी, चिमूटभर गुलबनफ्शा. रात्री भिजवायचं, सकाळी उकळून, गाळून, खडीसाखर घालून प्यायचं. आईनं पहिल्यांदा पुडी सोडली आणि हसली, "अगं बाई, हे तर वाळलेलं भोकर!" कफ सुटायचा, रात्री डोळा लागायचा. त्याहून जास्त काही नाही, आणि हकीमसाहेबांनी त्याहून जास्त कबूलही केलं नव्हतं. दम उठला तर सरकारी दवाखाना गाठा, हेही तेच सांगायचे.

आम्हाला ते पुरेना. वडील एका 'दमा शर्तिया बंद'वाल्याकडे गेले. राखाडी पूड, तीन दिवसांत दम गायब. जिने चढायला लागले, चार पोळ्या जास्त खायला लागले. सहा महिन्यांत चेहरा पुरीसारखा फुगला आणि हातापायांच्या काड्या झाल्या. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, पुडीत स्टेरॉइड असणार. तेवढे सहा महिने आम्ही हकीमसाहेबांना हसत होतो. ते मला अजून टोचतं.

वनस्पतीत गुण नाही असं कोण म्हणतो? चिनी वैद्यांच्या माहुआंगमधून नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १८८५ साली इफेड्रिन वेगळं काढलं; आपल्या अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन घडलं. पण तेच माहुआंग रक्तदाबही चढवतं. कोविडात गुळवेलीचे काढे घागरीनं रिचवले गेले. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, तर आयुष मंत्रालय त्यांच्यावरच उखडलं. आणि ही इम्युनिटी वाढवायची म्हणजे काय? दम्यात तर प्रतिकारशक्तीच नको तिथं चवताळून श्वासनलिका सुजवते! खोकला थांबला की नाही ते गिऱ्हाइकाला कळतं. इम्युनिटी वाढली का, ते कोण मोजणार? विकणाऱ्याची चैन आहे.

परवा पन्सारीकडे गेलो. गल्ल्यावर नातवाच्या वयाचा पोरगा. सपिस्ताँ मागितलं तर तो बघतच राहिला. म्हटलं, भोकर, वाळलेलं.

"अचार के लिए?"