रसायनांची बाग आणि जीवनाची भिंत

काचेच्या एका भांड्यात सोडियम सिलिकेटचा पातळ केलेला द्राव घ्यावा. त्यात मोरचुदाचा एक खडा आणि हिराकशीचा एक खडा अलगद सोडावा आणि भांडे न हलवता पाहत बसावे. द्राव दाहक असतो, तेव्हा डोळे आणि हात तेवढे सांभाळावेत. थोड्याच वेळात खड्यांना जणू कोंब फुटतात. मोरचुदाचे निळे आणि हिराकशीचे हिरवट देठ वर चढू लागतात, वाकतात, त्यांना फांद्याही येतात. पाहणारा सहज म्हणून जातो, "अहो, हे तर जिवंत झालं!"

ही रसायनांची बाग जर्मन रसायनज्ञ योहान ग्लाउबर याने 1646 मध्ये वर्णन करून ठेवली आहे. ती वाढते कशी, ते पाहू.

खडा विरघळू लागला की त्याचा द्राव बाहेरच्या सिलिकेटला भेटतो आणि दोहोंच्या सीमेवर एक पातळ खनिज पापुद्रा धरतो. या पापुद्र्यातून पाणी सहज जाते, क्षार मात्र सहजासहजी जात नाहीत. आत क्षारांची गर्दी अधिक, म्हणून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. मनुका पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात, तोच हा प्रकार. शास्त्रात याला परासरण म्हणतात. आतला दाब वाढत जातो, शेवटी पापुद्रा फाटतो. फटीतून द्रावाची चिळकांडी उडते, ती हलकी असल्याने वर जाते, आणि तिच्याभोवती लगेच नवा पापुद्रा तयार होतो. असे फुटत-सांधत पोकळ नळी उंच होत जाते.

फ्रान्समधील नांत शहराचे डॉक्टर स्तेफान लेद्युक या बागांनी भारून गेले. त्यांनी शेवाळासारख्या, अळंब्यांसारख्या आकृत्या वाढवल्या आणि जीवनाचे रहस्य परासरणात आहे असे मांडले. पण निर्जीवातून जीव आपोआप उपजतो ही समजूत पाश्चरने प्रयोगांनी खोडून काढली होती, आणि त्या वादाच्या फार जवळ जाते म्हणून फ्रेंच विज्ञान अकादमीने 1907 मध्ये लेद्युक यांचे काम आपल्या वृत्तांतात घेतले नाही. एका अर्थी शंका रास्तच होती. ही 'झाडे' बी धरीत नाहीत, आपल्यासारखे दुसरे घडवीत नाहीत. खड्यातला क्षार संपला की खेळ संपला. आकारावरून जीव ओळखू गेलो तर फसगत होते. अतिप्राचीन खडकांतले तंतू पाहून 'हे जीवाश्म' असे म्हणण्याआधी, ती अशीच एखादी खनिजांची बाग तर नव्हे ना, हे आजही तपासावे लागते.

मग या बागेचा जीवनाशी संबंध नाहीच का? आहे, पण तो फांद्यांत नसून पापुद्र्यात आहे. पेशी ऊर्जा कशी मिळवते, याचा विचार ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडला. त्यासाठी त्यांना 1978 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी पडद्याच्या एका अंगाला प्रोटॉनची गर्दी करते. धरणात पाणी अडवून जनित्र फिरवावे, तसे ते प्रोटॉन परत येताना काम करून जातात. म्हणजे जगण्यासाठी भिंत हवी आणि भिंतीच्या दोन बाजूंत फरक हवा.

अशी भिंत पेशीच्या आधी कुठे होती? मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून उत्तर सुचवले: समुद्राच्या तळाशी. चार अब्ज वर्षांपूर्वीचा सागर किंचित आम्ल आणि लोहयुक्त होता. तळातून उबदार, अल्कधर्मी आणि हायड्रोजनयुक्त पाणी वर आले की दोहोंच्या सीमेवर लोहगंधकाचे पापुद्रे धरत असावेत. भांड्यातली बागच ती, फार मोठी. बाहेर आम्ल, आत अल्क: पेशीच्या पडद्याला हवा तोच फरक तेथे आयता मिळत होता.

2000 च्या डिसेंबरात अटलांटिकच्या तळाशी 'लॉस्ट सिटी' नावाचे अल्कधर्मी झरे सापडले. त्यांचे मनोरे साठ मीटरपर्यंत उंच आहेत. सागर बदलल्यामुळे ते आज मुख्यतः चुनखडीसारख्या खनिजांचे बनतात, पण झऱ्यांची रीत तीच. पुढे 2015 मध्ये अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील संशोधकांनी अशा खनिज बागा एकमेकींना जोडून त्यांच्या विजेवर एक चिमुकला दिवा लावून दाखवला.

एवढ्याने प्रश्न सुटला असे नाही. पाणी मोठे रेणू तोडते, म्हणून जीवन जमिनीवरच्या, वाळणाऱ्या आणि पुन्हा भरणाऱ्या उष्ण डबक्यांत सुरू झाले, असे मानणारा पक्षही बळकट आहे. शिवाय दिवा लागणे वेगळे आणि ती ऊर्जा वापरून आपली प्रत काढणारा रेणू घडणे वेगळे. ती पायरी भांड्यात कोणी अद्याप चढलेले नाही. पण लेद्युक फांद्यांकडे पाहत राहिले, त्या जागी आजचे संशोधक पापुद्र्याच्या दोन बाजूंना तारा लावून मोजमाप करीत आहेत, आणि शोध त्याच वाटेने पुढे चालला आहे.