ढगाला मीठ चारणारं विमान!

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबला जुलैत आभाळाकडे बघ. ढगच ढग! आता कोसळणार असं वाटतं... आणि हुलकावणी देऊन स्वारी पसार!

का बरं? अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्री चढतात, थंड होतात आणि बरंचसं पाणी तिथेच ओततात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस! घाट उतरताना हवा तापते. म्हणून सोलापूरच्या वाट्याला त्याचा साधारण दहावा हिस्सा.

पण डोक्यावरच्या ढगात पाणी असतंच की! मग ते पडत का नाही?

ढगातला थेंब केवढा असतो, ओळख बघू! एका मिलिमीटरचे पन्नास भाग कर. त्यातला एक भाग, बस्स! एवढा हलका थेंब पडणार कसा? तरंगतच राहतो. असे सुमारे दहा लाख थेंब एक झाले, की पावसाचा एक टपोरा थेंब होतो. दहा लाख! एका थेंबासाठी!

आता स्वयंपाकघरात जा. मिठाची बरणी उघड. पावसाळ्यात मीठ ओलं लागतं ना? कुणी पाणी ओतलंय का त्यात? छे! ते हवेतलं बाष्प ओढून घेतं.

हीच युक्ती पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने आभाळात केली! 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात, आपल्या सोलापूर भागात! विमानाच्या पंखांना नळकांडी लावली. आत कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. पाणी ओढण्यात तो मिठाच्याही वरचढ! विमान ढगाच्या बुडाशी पोचलं की नळकांडी पेटवायची. धुरातून बारीक कण निघतात आणि वर चढणारी हवा त्यांना ढगात घेऊन जाते. कणांभोवती मोठे थेंब धरतात. ते छोट्यांना गिळत गिळत आणखी मोठे होतात!

आणि गंमत ऐक. निवडलेले ढग होते 276, पण काहींना मुद्दाम मीठ दिलंच नाही! कारण तो ढग तसाही बरसणार होता की मिठामुळे बरसला, हे कळायचं कसं? तुलना नको? मला तर सगळ्यात हीच हुशारी आवडते.

तुलनेत काय दिसलं? सरासरी सुमारे 18 टक्के जास्त पाऊस!

पण विमान नवा ढग बनवू शकत नाही हं! आणि सगळेच ढग ऐकतात असंही नाही. बुड सपाट आणि डोकं वर वर फुगत चाललेला ढग दिसला, की समज, त्याच्यात हवा जोरात वर चढतेय. शास्त्रज्ञ शोधतात तो असाच ढग!