लिंबू टोचलेली कट्यार

विंचूरला लग्न होतं. मांडवात सगळ्यांचं लक्ष नवरदेवाकडे आणि माझं त्याच्या हातातल्या कट्यारीकडे. टोकाला लिंबू टोचलेलं. रस ओघळून जिथे थांबला होता, तिथे पातं काळं पडलेलं. जुन्या शस्त्रांच्या नादी लागलेल्या माणसाच्या पोटात गोळा यावा, असंच ते दृश्य.

बाजारातली पत्र्याची कट्यार लांबूनच ओळखू येते. ही तशी नव्हती. मुठीत दोन आडवे दांडे, मनगटाच्या दोन्ही अंगांनी मागे गेलेल्या पट्ट्या, टोकाकडे जाड होत गेलेलं पातं. खंजीर भोसकायचा असतो, कट्यार ठोशासारखी मारायची. जोर खांद्यातून येतो आणि ते जाड टोक चिलखताच्या कड्या फोडतं.

विंचूर म्हटलं की मन लगेच धावतं. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव दाणी हे जहागिरीमुळे विंचूरकर झाले, पानिपतावरून जिवंत परतले. कट्यार त्यांच्याच काळातली, असं म्हणायला कुणाचं काय जातं? पण या छंदात मी एक शिकलो आहे. पात्याआधी त्याची गोष्ट बनावट निघते.

उदाहरणार्थ, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्याला आली. त्यांच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर सांगतो की, शिवाजीने याच नखांनी 'मोगल' सेनापती मारला आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला दिली. तो सेनापती म्हणजे अफजलखान, आणि तो आदिलशाहीचा, हे आपल्याकडे चौथीतलं पोरही सांगेल. संग्रहालय स्वतःही ठाम दावा करत नाही. तरी ही नखं जपली गेली, ती त्या चुकीच्या चार ओळींमुळेच.

ज्यांच्यासोबत ओळच नव्हती, त्यांचं काय झालं? ते मला वॉलहाउसच्या लेखात सापडलं. हा मद्रासचा सनदी अधिकारी. १८७८ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त त्याने तंजावरच्या जुन्या शस्त्रागाराबद्दल लिहिलं. १८५५ मध्ये तिथले राजे दुसरे शिवाजी वारले आणि भोसल्यांचं राज्य खालसा झालं. बंद शस्त्रागारात तलवारी, भाले, कट्यारी एकमेकांत अडकून गंजत पडल्या होत्या, कित्येक टन वजनाच्या. १८६३ मध्ये निवाडा झाला. निवडक नग मद्रासच्या सरकारी संग्रहालयाला, बाकी तोडून जुनं लोखंड म्हणून विकायचं.

हा लेख मी पुन्हापुन्हा वाचतो आणि दरवेळी चिडतो. दक्षिणेतल्या या कट्यारींची ठेवण काही औरच. मुठीवर शिडासारखी फुगीर ढाल, कडेला याळी या काल्पनिक पशूची तोंडं, आणि अनेकींना युरोपातून आलेल्या तलवारीचं पातं रिवेटांनी जोडलेलं. मराठी दरबार, तमिळ कारागीर, फिरंगी पोलाद. आज असे नमुने पाहायला मद्रासचं ते संग्रहालय, नाहीतर परदेशातली संग्रहालयं धुंडाळावी लागतात. तंजावरच्या राजवाड्यातला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह मात्र मोडी कागदांच्या रुमालांसकट टिकला. कागद वाचला, लोखंड वितळलं. इंग्रजांना शिव्या घालून मोकळं होता येतं. पण माळ्यावरचं लोखंड आपणही वजनावरच देतो.

आणि जे वाचतं ते दलालाच्या हाती 'सुधारतं'. जुन्या पात्याला नवी मूठ बसते, मुठीवर ताजी सोन्याची कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावरची जडणी, होते आणि वर एखाद्या सरदाराचं नाव चिकटतं. शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. नावं चिकटवायला मात्र कायदा आडवा येत नाही.

विंचूरला अक्षता पडल्यावर मी घरातल्या आजोबांना गाठलं. विकत मागायचं जिभेवर आलं होतं. म्हटलं, "बाबा, ही कोणाची?"

"भावकीची. ज्याचं लगीन त्याची."

मी वही काढली. त्यांनी आठवून आठवून अकरा नवरदेव सांगितले, शेवटचा आजचा. सर्वांत जुनं नाव त्यांच्या चुलत्याचं. त्यात सरदार कुणी नव्हता. मग त्यांनी टोकावरचं लिंबू काढलं आणि धोतराच्या सोग्याने पातं पुसलं. एवढ्या वर्षांत मी पाहिलेली ही पहिली कट्यार, जिच्या वंशावळीवर मला शंका घ्यावीशी वाटली नाही.