हात आवरण्याची विद्या

एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असतं ऐंशी-नव्वद मिलिलिटर. टपरीवरचा कटिंगचा ग्लास भरेल, एवढंच. तपासणीसाठी त्यातलं एक मिलिलिटर काढलं, तर मोठ्या माणसाच्या अंगातून पन्नास मिलिलिटर काढल्यासारखं झालं. रोज सकाळ-संध्याकाळ असं काढत राहिलं, तर आठवडाभरात बाळाला बाहेरून रक्त द्यायची वेळ येते, आणि ती वेळ आजारानं नव्हे, तपासण्यांनी आणलेली असते. म्हणून नवजात अतिदक्षता कक्षात, म्हणजे एनआयसीयूत, राउंडला वरिष्ठांचा प्रश्न ठरलेला असतो: या रिपोर्टनं उपचार बदलणार आहेत का? नसतील, तर सुई ठेवा खाली.

नवजातशास्त्राचं उच्च शिक्षण इथून सुरू होतं. एमबीबीएसची साडेपाच वर्षं आणि बालरोगातल्या एमडीची तीन वर्षं झाल्यावर ‘नीट-एसएस’ ही प्रवेश परीक्षा देऊन डॉक्टर डीएम निओनेटॉलॉजीला येतो आणि आणखी तीन वर्षं जन्मापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्याच माणसाचा अभ्यास करतो. भारतात हा अभ्यासक्रम सुरू करण्यात चंडीगडची पीजीआय ही संस्था अग्रेसर होती. मुंबईत महापालिकेच्या केईएम आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तो शिकता येतो. डीएमखेरीज डीआरएनबीची पदवी आहे, आणि १९८० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल निओनेटॉलॉजी फोरमची फेलोशिपही आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा यंत्रांचा कारभार वाटतो. नातेवाईकांच्या तोंडी ‘बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय’ एवढंच असतं. पण या तीन वर्षांत सगळ्यात जास्त घोटून घेतली जाते ती गोष्ट वेगळी आहे. कधी, किती आणि कुठे थांबायचं, हे इथे शिकवतात.

आकडे बघा. किलोभराच्या बाळाला पहिल्या दिवशी साधारण ऐंशी मिलिलिटर द्रव लागतो. चोवीस तासांवर वाटला, तर ताशी तीन मिलिलिटरच्या थोडं वर. सिरिंज पंपावर दशांश चिन्ह एक घर सरकलं, की दहापट द्रव नाहीतर दहापट औषध गेलंच. श्वासनलिकेत घालायची नळी आतून अडीच मिलिमीटरची. ती ओठांपाशी किती सेंटिमीटरवर चिकटवायची याचा ठोकताळा म्हणजे बाळाचं किलोतलं वजन अधिक सहा, म्हणजे इथे सात. आठवर गेली, तर ती उजव्या फुप्फुसाच्या वाटेला लागते आणि डावं कोरडं राहतं. एक सेंटिमीटर म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाची रुंदी.

हे हातात यावं म्हणून सरावाची व्यवस्था असते. नळी घालायला रबरी बाहुली असते. नाळेतून कॅथेटर घालायचं असेल, तर बाहुलीनं भागत नाही. प्रसूतिकक्षातून आलेली, एरवी वारेबरोबर टाकून दिली जाणारी खरीखुरी नाळ सरावाला घेतात. ती आडवी कापली, की तोंडावर तीन भोकं दिसतात. दोन बारीक, जाड भिंतीच्या, पांढरट आणि किंचित वर आलेल्या त्या रोहिणी. तिसरी मोठ्या तोंडाची, पातळ भिंतीची, थोडी मिटलेली ती नीला. नाळ बुडाशी दोऱ्यानं आवळायची, चिमट्यानं कड धरायची आणि कॅथेटर नीलेत सरकवायचं. जन्मताच निपचित पडलेल्या बाळाला अ‍ॅड्रिनॅलिन द्यायचं असेल, तर कॅथेटर दोन-चार सेंटिमीटर आत जाऊन रक्त मागे आलं, की तिथेच थांबायचं. आणखी ढकललं, तर औषध यकृतात जातं. शिकणारा पहिल्या वेळी हमखास जास्त ढकलतो.

या विद्येचा इतिहासही बराचसा अतिरेकाचा आणि त्यातून आलेल्या शहाणपणाचा आहे. १९४० नंतर अमेरिकेत आणि युरोपात कमी दिवसांच्या बाळांना पेटीत भरपूर ऑक्सिजन दिला जाऊ लागला. बाळं जगू लागली आणि त्यांतली हजारो आंधळी झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या अजून पसरत असतात. जादा ऑक्सिजननं त्या आधी खुंटतात, मग वेड्यावाकड्या फोफावतात आणि पडदा ओढून काढतात. हे कोडं १९५० च्या दशकात सुटलं. मग ऑक्सिजनवर कात्री चालली, तेव्हा बाळं श्वासावाचून दगावू लागली. मधला रस्ता सापडायला आणखी काही दशकं गेली. आज ऑक्सिजनवरच्या अशा बाळाची संपृक्तता साधारण नव्वद ते पंच्याण्णवच्या पट्ट्यात ठेवतात. मॉनिटरवर शंभर दिसलं, तर मोठ्यांच्या वॉर्डात हायसं वाटतं. इथे सिस्टर ऑक्सिजन कमी करायला उठते. आपल्याकडे चौतीस आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ महिन्याचं व्हायच्या आत नेत्रतज्ज्ञाला दाखवावं, असा दंडक आहे. पडदा वेळेत पाहिला, तर लेसरनं डोळा वाचतो.

श्वासाचंही तसंच. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर होतं, तरी दोन दिवसही जगला नाही. फुप्फुसातले बारीक फुगे मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा स्निग्ध पदार्थ त्याच्यात पुरेसा तयार झाला नव्हता आणि तो बाहेरून देणं तेव्हा कुणाच्या हातात नव्हतं. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी सान फ्रान्सिस्कोत दाखवून दिलं, की श्वास सोडतानाही थोडा दाब टिकवून ठेवला, तर हे फुगे मिटत नाहीत. हाच सीपॅप. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी सर्फॅक्टंट बाळांच्या फुप्फुसात सोडून दाखवला. दरम्यान व्हेंटिलेटरचा वापर वाढला आणि कळून चुकलं, की यंत्राच्या जोरकस श्वासानं कोवळी फुप्फुसं कायमची जायबंदी होतात. त्यामुळे आजचा कुशल डॉक्टर शक्य तोवर बबल सीपॅपवर भागवतो. नाकात मऊ नळ्या, गरम-दमट हवा आणि उच्छ्वासाच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवलेलं. जितकी खोली, तितका दाब. पाण्यात बुडबुडे येत राहिले, तर ठीक. थांबले, तर कुठेतरी हवा गळतेय: नाकाची नळी सैल झालीय, नाहीतर बाळानं तोंड उघडलंय. काटा नाही, स्क्रीन नाही. कान देऊन ऐकायचं यंत्र.

शीवच्या रुग्णालयाचं या गोष्टीत वेगळं स्थान आहे. सायन-पनवेल महामार्गाच्या मुंबईकडच्या टोकाला, धारावीला खेटून असलेल्या या रुग्णालयात बाळंतपणांची कायम गर्दी. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी इथला नवजात विभाग उभा केला, तेव्हा बाळं जंतुसंसर्गानं मोठ्या संख्येनं दगावत होती. परदेशातल्या पुस्तकात उपाय होता जास्त यंत्रांचा आणि जास्त कर्मचाऱ्यांचा. इथे दोन्ही नव्हतं. त्यांनी उलटी वाट धरली. बाटली आणि पावडरचं दूध हद्दपार केलं, गरज नसलेल्या सुया आणि सलाईन कमी केली आणि आईला काचेपलीकडून आत आणून बाळाच्या देखभालीला बसवलं. ज्या बाळांना आईचं दूध मिळणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. तपासणी झालेल्या मातांनी दिलेलं दूध साडेबासष्ट अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून, झटकन थंड करून गोठवून ठेवतात. पावडरच्या दुधानं आतडी सडण्याचा धोका वाढतो. मातेच्या दुधानं, मग ती दुसऱ्या बाळाची का असेना, तो कमी होतो. तिथे डीएम करणारा डॉक्टर व्हेंटिलेटरबरोबर हेही शिकतो, की कित्येकदा औषधाआधी दूध लिहायचं असतं.

आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. पुढे २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या चाचणीनं दाखवलं, की एक ते एक किलो आठशे ग्रॅम वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्या जन्मल्या छातीशी घेतलं, तर मृत्यू चतुर्थांशानं घटतात. गरिबाघरचा नाइलाज म्हणून आलेली पद्धत श्रीमंत देशांच्या एनआयसीयूत जाऊन बसली.

आता रायगड जिल्ह्यातल्या पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर या. आपटा सोडलं, की जिते, मग हमरापूर, मग पेण. गणपतीच्या कारखान्यांचा हा पट्टा; मूर्तींच्या कामावर बायकांचे हात मोठ्या संख्येनं. डोंगराच्या अंगाला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. त्यांतली कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी. अंगावर रक्त कमी, कष्ट जास्त. अशा आईच्या पोटी बाळ हलकं किंवा आधी जन्मण्याची शक्यता अधिक. इथे कुणाला सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, तर मुंबईतली डीएमची पदवी तिच्यापर्यंत पोचणार कशी?

ती पोचते तुकड्या-तुकड्यांनी, आणि पहिला तुकडा सगळ्यात मोलाचा असतो. जन्मलेलं बाळ रडलं नाही, तर पहिल्या मिनिटात पुसून कोरडं करायचं, ऊब द्यायची, मान सरळ ठेवायची आणि तरीही श्वास नसेल, तर पिशवी-मुखवट्यानं मिनिटाला चाळीस ते साठ श्वास द्यायचे. यासाठी २००९ पासून ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमा’त डॉक्टर, सिस्टर आणि एएनएमना, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकांना, दोन दिवसांचं शिक्षण मिळतं. न रडणाऱ्या बहुतेक बाळांचं एवढ्यावर भागतं. छाती दाबायची किंवा औषध द्यायची वेळ फार थोड्यांवर येते. दुसरा तुकडा बाळंतपणाच्या आधीचा. चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या, तर आईला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिल्यानं पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. २०१४ पासून पुढे पाठवण्याआधीचा पहिला डोस एएनएमलाही देता येतो. पाच देशांतली जी वेगळी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात आपलं बेळगावही होतं. त्या चाचणीत या इंजेक्शननं नवजातमृत्यू साडेतेवीस टक्क्यांवरून साडेएकोणीसवर आले. औषध जुनं आणि स्वस्त. वेळेवर आठवणं, हीच त्यातली विद्या.

तिसरा तुकडा प्रवासाचा. जित्याहून पेण, अलिबाग किंवा पनवेल आणि तिथून गरज पडल्यास मुंबई. या वाटेत बाळाला थंडी मारते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानुसार दाखल होताना बाळाचं तापमान जितके अंश कमी, तितकी मृत्यूची जोखीम जास्त. दर अंशाला साधारण अठ्ठावीस टक्के. आई बरोबर असेल, तर बाळ तिच्या छातीशी बांधून आणणं हाच अँब्युलन्समधला सर्वांत भरवशाचा हीटर. आणि आधी कळलं असेल, तर बाळ पोटात असतानाच आईला हलवणं त्याहून बरं.

चौथा तुकडा जिल्हा रुग्णालयांतल्या विशेष नवजात काळजी कक्षांचा, म्हणजे एसएनसीयूंचा. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात २००३ मध्ये सुरू झालेला हा नमुना देशभर पसरला. इथल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना चार दिवसांचे वर्ग आणि मग एखाद्या मोठ्या केंद्रात दोन आठवडे प्रत्यक्ष काम बघणं, एवढं शिक्षण असतं. तीन वर्षांच्या डीएमपुढे हे थोडंच. तरी बारा-पंधरा वॉर्मरच्या कक्षात रात्री हजर असणार ती हीच माणसं. वॉर्मर, मॉनिटर विकत घेणं सोपं. ती राखणं आणि त्यांच्यापाशी माणूस जागा ठेवणं अवघड. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या अशा कक्षाला ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला हे कळलं.

विद्या खाली उतरवता येते याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. डहाणूच्या ग्रामीण रुग्णालयात डॉ. एस. आर. डागा आणि सहकाऱ्यांनी ऊब, ऑक्सिजन आणि आईचं दूध यांवर साध्या साधनांत नवजात सेवा चालवून दाखवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. घरी जाऊन बाळ तोलायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजातमृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशात हजार जिवंत जन्मांमागे वीस नवजातमृत्यू होते, महाराष्ट्रात अकरा.

ते अकरा खाली आणण्याची लढाई मात्र वेगळी आहे. सोपे उपाय बहुतेक वापरून झालेत. उरलेली बाळं फार लवकर जन्मलेली, फार हलकी किंवा जन्मजात व्यंगाची असतात. त्यांना डीएम झालेला डॉक्टरच लागतो, आणि असे डॉक्टर मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत एकवटलेत. यात त्यांना दोष देऊन उपयोग नाही. एकट्या नवजाततज्ज्ञाला तालुक्याला पाठवलं, तर प्रशिक्षित सिस्टर, रक्तपेढी आणि रात्रीची प्रयोगशाळा यांच्यावाचून तोही हतबल होतो.

रायगडापुरतं एक दार मात्र उघडं आहे. अलिबागला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे बालरोगाचा विभाग आणि शिकणारी मुलं जिल्ह्यातच आहेत. मोठ्या केंद्रातल्या शेवटच्या वर्षाच्या डीएम विद्यार्थ्यानं काही महिने अशा ठिकाणी काढावेत, तिथल्या सिस्टर आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांबरोबर राउंड घ्यावा आणि पेणपासून पोलादपूरपर्यंतच्या केंद्रांतून आलेल्या प्रत्येक बाळाचं वाटेत काय चुकलं, हे त्या केंद्राला कळवावं. डॉक्टरलाही त्यातून मुंबईत न मिळणारं शिक्षण मिळेल: आपल्या टेबलावर आलेलं बाळ कुठून, किती थंड होऊन, कोणत्या उशिरानं आलं, हे उलट बाजूनं बघण्याचं. पदवीसाठी प्रबंध लागतोच. जिते ते शीव या वाटेइतका चांगला विषय त्याला दुसरा मिळणार नाही.