भ्रूणाची ग्रेड आणि बाईला लागणारा बोल

उदगीर, देवणी, जळकोट भागातली जोडपी आता टेस्ट ट्यूब बेबीसाठी लातूर, नांदेड, नाहीतर थेट हैदराबाद गाठतात. कुणी दागिने मोडतं, कुणी कर्ज काढतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "हिच्या पिशवीत राहतच नाही." फाईलमध्ये मात्र 4एए, 3बीबी, 4बीसी अशी अक्षरं असतात. ती पिशवीबद्दल नाहीत, भ्रूणाबद्दल आहेत. गावात काम करणाऱ्या आपल्या तरुणांना ती वाचता आली पाहिजेत.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या प्रयत्नातून 6 ऑगस्ट 1986 रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्याच्याही आधी, 1978 मध्ये, कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी हे करून दाखवलं होतं, पण त्यांच्या हयातीत ते कुणी मानलं नाही. तंत्र पुढे बरंच बदललं, मूळ गोष्ट तीच राहिली : स्त्रीबीज आणि शुक्राणू लॅबमध्ये एकत्र आणायचे, तयार झालेला भ्रूण वाढवायचा आणि गर्भाशयात सोडायचा.

तिसऱ्या दिवशी चांगल्या भ्रूणात साधारण आठ पेशी असतात. पाचव्या दिवशी त्याचा पाण्याने भरलेला फुगा होतो, त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. फलित झालेल्या दहा बीजांतली चार-पाचच इथवर पोचतात, बाकीची वाटेतच थांबतात. ग्रेडमधला आकडा हा फुगा किती फुगलाय ते सांगतो. पहिलं अक्षर ज्या पेशींपासून बाळ होतं त्यांचं, दुसरं ज्यांच्यापासून वार होते त्यांचं. ए म्हणजे पेशी भरपूर आणि घट्ट, सी म्हणजे विरळ. चांगल्या ग्रेडचा भ्रूण रुजण्याची शक्यता जास्त असते, हे खरं.

पण ही ग्रेड सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या रूपाची आहे. आतली गुणसूत्रं बरोबर आहेत की नाहीत, हे रूपावरून कळत नाही. भ्रूण न रुजण्याचं किंवा गर्भ पडण्याचं मोठं कारण तर तेच असतं. चाळिशीच्या पुढे निम्म्याहून जास्त भ्रूणांत गुणसूत्रांची गडबड आढळते, कारण स्त्रीबीजांचं वय बाईच्या वयाइतकंच असतं. म्हणून 4एए सोडूनही अपयश येतं, आणि बीसी ग्रेडच्या भ्रूणातूनही धडधाकट मूल जन्मतं. ते मूल 'सी ग्रेड'चं नसतं. जन्माआधी लावलेली प्रत माणसाला आयुष्यभर चिकटवायची सवय या देशाला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आपल्याकडे देवणी गाय उलटली तर शेतकरी रेताची कांडी बघतो, माजाची वेळ बघतो, चारा बघतो, गरज पडली तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेतो. गाईच्या वाट्याला एवढी चौकशी येते. बाईच्या वाट्याला येतो तो बोल! मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाचाही वाटा असतो. शुक्राणूंचा दर्जा भ्रूणात उतरतो, आणि तंबाखू, सिगारेट, दारू त्याला बाधतात. तरीही वीर्यतपासणीला 'मी कशाला' म्हणणारे नवरे मला महिन्याला भेटतात, शिकलेलेसुद्धा.

2021 च्या सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्यानुसार केंद्र नोंदणीकृत असावं लागतं. यशाची शक्यता, खर्च आणि धोके जोडप्याला समजावून सांगणं ही केंद्राची जबाबदारी आहे. 'मुलगाच देतो' म्हणणारा गुन्हा करतो. तेव्हा जोडप्यासोबत जाल तर विचारा : किती बीजं मिळाली, किती फलित झाली, पाचव्या दिवशी किती उरली, ग्रेड काय, किती गोठवली? दोन-तीन भ्रूण एकदम सोडतो म्हटलं तर जुळ्या-तिळ्यांचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोकाही विचारा. उत्तरं कागदावर घ्या.

आणि तो कागद सासूसमोर, दिरासमोर मोठ्याने वाचा. दुसऱ्या लग्नाची बोलणी बहुतेकदा याच आठवड्यात सुरू होतात.