मृगापूर्वीची परसबाग : कळंब तालुक्यातील नव्या हंगामाची तयारी

धाराशिव जिल्ह्यातील कळंब हे मांजरा नदीच्या काठचे गाव. तालुक्यातील जमीन बहुतांशी काळी व कसदार आहे. परंतु पाऊस बेभरवशाचा. मृगात चांगली सुरुवात व्हावी आणि ऐन आषाढात दीर्घ उघडीप पडावी, हा अनुभव येथील शेतकऱ्यांना नवा नाही. गेल्या काही दशकांत या भागातील खरिपाचे बरेच क्षेत्र सोयाबीनने व्यापले. त्यामुळे हाती रोख पैसा आला, पण बांधावरची भेंडी, तुरीच्या ओळीतील अंबाडी आणि कुंपणावरचा दोडका मागे पडला. भाजी आठवडी बाजारातून आणावी लागते आणि भाव चढले की प्रथम काटछाट होते ती भाजीतच. प्रत्येक माणसाला दररोज निदान ३०० ग्रॅम भाजी मिळावी, असे आहारशास्त्र सांगते. पाच माणसांच्या कुटुंबास ही गरज दीड किलोची होते. घरामागील गुंठाभर जागा तिचा मोठा भाग भागवू शकते. मात्र त्यासाठीचे खरे काम पाऊस पडण्यापूर्वीच उरकावे लागते.

काळ्या जमिनीचा स्वभाव

येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची चैत्र पौर्णिमेची यात्रा आटोपली की परसबागेच्या कामास हात घालावा. या यात्रेत भाविक चुन्याचे खडे वेचतात. असा चुना या परिसरातील अनेक जमिनींत कमीअधिक प्रमाणात आढळतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकास सहज मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर भरपूर सेंद्रिय खत हा घरगुती व टिकाऊ उपाय होय.

काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. संततधार लागली की तिच्यात पाणी साचून मुळे गुदमरतात. म्हणून वैशाखात जागा वीतभर खोल खणून ढेकळे उन्हात तापू द्यावीत. त्यामुळे जमिनीतील किडींचे कोष व तणांची मुळे नष्ट होतात. वळवाच्या सरीने ढेकळे विरघळली की प्रत्येक चौरस मीटरला दोन ते तीन किलो चांगले कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कच्चे शेणखत वापरू नये. त्यातून हुमणी व वाळवीचा उपद्रव वाढतो.

आखणी

पावसाळ्यासाठी एक मीटर रुंद व वीतभर उंच गादीवाफे करावेत. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट ठेवावी. माणसाने वाटेवरूनच काम करावे. वाफ्यावर पाय पडला की काळी माती दबून घट्ट होते. शेवगा, पपई, कढीपत्ता ही उंच झाडे उत्तरेच्या कडेला लावावीत, म्हणजे वाफ्यांवर सावली पडत नाही. कुंपणावर दोडका, कारले व वाल चढवावेत. वांगी, टोमॅटो व मिरची ही एकाच कुळातील पिके असल्याने मागील हंगामात ज्या वाफ्यात ती होती, तेथे यंदा गवार किंवा घेवडा घ्यावा.

सांडपाण्याचा हिशेब

परसबागेची खरी परीक्षा पावसाच्या उघडिपीत आणि त्याहून अधिक दुष्काळात होते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी बागेसाठी वेगळे पाणी मिळणे शक्य नसते. परंतु जेथे माणसे राहतात तेथे सांडपाणी असतेच. आंघोळ व भांडी यांचे माणशी २० लिटर पाणी धरले, तरी पाच जणांच्या घरात दिवसाला १०० लिटर होते. एवढ्या पाण्यावर भर उन्हाळ्यातही दहा-बारा चौरस मीटर, म्हणजे चार मीटर लांबीचे तीन वाफे, आच्छादनाच्या साहाय्याने जगविता येतात.

म्हणून आखणी करतानाच न्हाणीजवळचे तीन वाफे राखीव ठेवावेत. मोरीचे पाणी खडी, वाळू व लोणारी कोळसा भरलेल्या लहान खड्ड्यातून गाळून घ्यावे. खड्ड्याच्या कडेला अळू व कर्दळ लावावी. कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र बागेकडे वळवू नये. त्यातील क्षारामुळे काळी माती चिकण व कठीण होते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा यांसारख्या भाज्यांना सांडपाणी देऊ नये. वाफ्यांवर सोयाबीनचा भुसा किंवा वाळलेल्या पाल्याचा दोन बोटे थर दिल्यास भेगा पडत नाहीत व ओल टिकते.

बियाणे व पेरणी

वांगी, मिरची व टोमॅटो यांचे बी मे महिन्याच्या अखेरीस रोपासाठी टाकावे. चार ते सहा आठवड्यांत रोपे लागवडीयोग्य होतात. भेंडी, गवार, दोडका व कारले पुरेशी ओल झाल्यावर जागेवरच टोकावेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात केवडा रोगास दाद न देणारी म्हणून प्रसिद्धीस आली. अंबाडी, तांदुळजा, राजगिरा या पालेभाज्या एकदम न पेरता पंधरा दिवसांच्या अंतराने थोड्या थोड्या पेराव्यात, म्हणजे ताटात खंड पडत नाही.

जुने बी असल्यास वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. पंधरांपेक्षा कमी उगवल्यास पेरा दाट करावा किंवा बी बदलावे. प्रत्येक भाजीचे एक निरोगी झाड बियाण्यासाठी राखून ठेवण्याची रीत पुन्हा रुजविली पाहिजे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी घरगुती बियाण्याची अशीच जपणूक केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

किडीसाठी ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. आषाढात झाडाखाली पडणाऱ्या निंबोळ्या वेचून, वाळवून ठेवल्यास वर्षाची सोय होते.

घराच्या हाती

परसबागेचा निर्णय बहुधा गृहिणीच्या हाती असतो, ही तिची मोठी जमेची बाजू होय. किल्लारीच्या १९९३ मधील भूकंपानंतर या भागात उभ्या राहिलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने धाराशिव व लातूर जिल्ह्यांतील महिलांना कुटुंबाच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर क्षेत्र मागून त्यात धान्य, कडधान्य व भाजीपाला घेण्यास प्रवृत्त केले. या कार्यास २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. जिला एकर मिळत नाही, तिला घरामागचा गुंठा तरी असतो. आणि ज्या घरी गुंठाही नाही, तेथे न्हाणीच्या पाण्यावरचे तीन वाफे पुरेसे आहेत.

पाऊस केव्हा व किती पडेल हे कोणाच्या हाती नाही. परंतु तो येईल तेव्हा खणलेली जमीन, कुजलेले खत, तपासलेले बी आणि वळविलेले पाणी तयार असावे, एवढे निश्चितच प्रत्येक घराच्या हाती आहे. मृगाची पहिली सर तयार वाफ्यावर पडली, तर श्रावणातील ताटात घरची भाजी असेल.